भामटा : एका शिवीमागची माणसं

आजचा एपिसोड माफीनं सुरू करतोय, आणि ही माफी नुसती बोलण्यापुरती नाहीये.

झालं असं, की काही आठवड्यांपूर्वी आपण ऑनलाइन फसवणुकीवर एक एपिसोड केला होता. ओटीपी मागणारे फोन, वीजबिलाचे खोटे मेसेज, 'पार्सल अडकलंय' वाल्या लिंक्स. एपिसोड चालला, तुम्ही लोकांनी तो आईबाबांना पाठवला, मीही खूश. मग एक व्हॉइस नोट आली. कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती. तिचं नाव, गाव काही सांगत नाही, पण ती काय म्हणाली ते तिला विचारून सांगतोय :

"दादा, एपिसोड छान होता. पण तुम्ही त्या चोरांना सारखं भामटे, भामटे म्हणत होतात ना, तेव्हा मी बसमध्ये होते. मी आवाज कमी केला. इअरफोन लावलेले होते, तरी कमी केला. माझ्या जातीच्या दाखल्यावर हाच शब्द आहे. राजपूत भामटा."

बस, एवढंच. पुढे एक हसणारी इमोजी होती. ती बघून मला जास्त वाईट वाटलं.

मी तो एपिसोड पुन्हा ऐकला आणि मोजलं. चाळीस मिनिटांत अकरा वेळा. आणि खरं सांगू का, मला माहीतच नव्हतं. मराठी माध्यमात शिकलो, मराठीवर पोट भरतो, पण 'भामटा' हे माणसांच्या एका समाजाचं नाव आहे हे मला एका व्हॉइस नोटमधून कळलं. म्हणून आज या एकाच शब्दाबद्दल बोलूया. तो कुठून आला, कसा पसरला, आणि आता त्याचं करायचं काय.

फसवणुकीचे शब्द आपल्याकडे कमी आहेत का?

आधी जरा गंमत. फसवणूक या विषयात मराठी भाषा प्रचंड श्रीमंत आहे. आपण गंडा घालतो, टोपी घालतो, चुना लावतो, शेंडी लावतो, मामा बनवतो. फसवणारा लबाड असतो, ठकसेन असतो, चालू असतो, बारा गावचं पाणी प्यालेला असतो. यात दुखावलं जातं कोण? फार तर मामा!

मग आपला लाडका चारशेवीस. तो तर थेट कायद्याच्या पुस्तकातून आला. १८६० च्या भारतीय दंड संहितेत फसवणुकीच्या शिक्षेचं कलम ४२० होतं, म्हणून फसवणारा चारशेवीस. १९५५ मध्ये राज कपूरच्या 'श्री ४२०' नं तो आकडा घराघरात नेला. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचं कलम झालं ३१८. पण तुम्ही कुणाला 'काय तीनशे अठरा माणूस आहे' असं म्हणताना ऐकलंय? नाही ना. कायदा रद्द झाला, कलम गेलं, शब्द तोंडात तसाच राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'ठग' बघा. हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून उचलला आणि त्यांच्या भाषेत तो गुंड या अर्थानं आजही फिरतोय. ठकवतो तो ठग, म्हणजे करणीवरून पडलेला शब्द. जो ठकवेल त्याला लागू, मग तो कुणाच्याही पोटी जन्मलेला असो.

'भामटा' मात्र वेगळा. तो जन्मावरून लागतो.

यादीतली नावं

महाराष्ट्र सरकारची विमुक्त जातींची एक यादी आहे. त्यात १४ जाती आहेत : बेरड, कैकाडी, कंजारभाट, बंजारा, पारधी, रामोशी, वडार वगैरे. शिक्षणात आणि नोकरीत त्यांना विजा-अ म्हणून ३ टक्के आरक्षण आहे. या यादीत 'भामटा' ही एक नोंद आहे आणि 'राजपूत भामटा' ही दुसरी.

आता 'भामटा' या नोंदीसमोर जी उपनावं आहेत ती सावकाश वाचा. त्यात 'टकारी' आहे. टकारी म्हणजे जात्याला, पाट्याला टाकी लावून देणारे. मिक्सर यायच्या आधी त्यांच्याशिवाय कुणाच्या घरी पीठ किंवा वाटण झालं नसतं. त्यात 'गिरणी वडार' आहे, 'पाथरूट' आहे. दगडाशी नातं सांगणारी ही नावं. आणि त्याच ओळीत पुढे 'उचले' आहे. उचले म्हणजे उचलणारे. आणि 'घंटीचोर'. होय, सरकारी यादीत, छापील, 'चोर'.

जरा विचार करा. टकारी हे नाव कामावरून पडलं हे समजतं. पण कोणता बाप आपल्या पोराला सांगेल, की बाळा, आपण घंटीचोर? असं नाव आपण स्वतःला देत नाही. ते बाहेरून येतं. गावानं दिलं असेल, पाटलानं दिलं असेल, पोलिसानं दिलं असेल. आणि एकदा सरकारी कागदावर चढलं, की मग पोराला शाळेत घालतानाही तेच सांगावं लागतं.

इंग्रजांच्या काळातली वर्णनं वाचली, की हे कसं घडत गेलं ते दिसतं. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ छापला. रसेल इंग्रज अधिकारी, रायबहादूर हिरालाल आपल्याकडचे विद्वान. त्यात भामटा या जातीवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात रेल्वेच्या डब्यात बाकाखाली शिरून सामान कसं लांबवतात याची अगदी चवीनं केलेली वर्णनं आहेत. आणि त्याच प्रकरणात असंही लिहिलंय, की यातले कितीतरी लोक आता सण पिकवतात आणि त्याच्या दोऱ्या, चटया, गोणपाट बनवतात.

म्हणजे ज्या लोकांना चोर म्हणून नोंदवलं, ते शेतात सण लावत होते, वळत होते, विणत होते. त्यांच्याच दोरांनी आपल्या विहिरीचं पाणी वर आलं असेल. पण 'दोर वळणारा' या अर्थानं 'भामटा' शब्द कधी रूढ झाला का? नाही. वर्णनातली एक बाजू भाषेनं उचलली, दुसरी सोडून दिली.

याच पुस्तकात एक ऐकीव किस्साही आहे. वर्ध्याकडे म्हणे असं बोललं जायचं, की चौदा वेळा अटक झाल्याशिवाय भामट्यांची मुलगी त्या मुलाशी लग्नच करायची नाही. आता मला सांगा, हे कोण म्हणायचं? चावडीवर टाइमपास करताना कुणीतरी टाकलेला विनोद असावा असा हा प्रकार आहे. पण तो ग्रंथात गेला. ग्रंथ कचेरीत गेला. आज व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड आला तर आपण निदान 'फेक आहे का?' असं विचारतो. तेव्हा फॉरवर्डलाच बाइंडिंग करून कपाटात ठेवलं जायचं.

कायद्यानं मारलेली गाठ

बरं, शिवी सगळीकडेच असते. जगात असा समाज नाही ज्याला शेजाऱ्यांनी नावं ठेवली नाहीत. पण इथे एक मोठी गोष्ट घडली. शिवीचा कायदा झाला.

सुरुवात ठगांपासून. १८३० च्या दशकात कंपनी सरकारनं ठगांविरुद्ध मोहीम काढली. तिचा मुख्य माणूस होता विल्यम स्लीमन. १८३६ च्या कायद्यानं ठरवलं, की अमुक माणूस ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप. त्यानं कुणाला, कधी, कुठे मारलं हे दाखवायची गरज नाही. म्हणजे 'काय केलंस' या प्रश्नाची जागा 'कुणापैकी आहेस' या प्रश्नानं घेतली.

मग १८५७ झालं आणि इंग्रज फिरत्या माणसांना घाबरायला लागले. ज्याचं घर एका जागी नाही, ज्याच्यावर सारा बसवता येत नाही, जो आज इथे आणि उद्या तिथे, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? त्याच सुमारास या फिरत्या लोकांचे धंदेही बसत होते. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. पुढच्या काही वर्षांत आगगाडीनं बैलांच्या पाठीवरून होणारी धान्याची, मिठाची वाहतूक खाल्ली. जंगलांचे कायदे आले, शिकार आणि लाकूडफाटा बंद झाला. पोट रिकामं आणि डोक्यावर संशय.

१८७१ मध्ये आला क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा. त्यामागचा युक्तिवाद ऐकाल तर थक्क व्हाल. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर. म्हणजे इथे चोराचा मुलगाही चोरच असणार, आणि तो वंश संपेपर्यंत चोरच राहणार! आपल्याच जातिव्यवस्थेचा आधार घेऊन साहेबानं कायदा केला. आणि गावातल्या प्रतिष्ठितांनी त्याला फारसा विरोध केल्याचं दिसत नाही. का करतील? त्यांना हे आधीपासून 'माहीत'च होतं.

सुरुवातीला हा कायदा उत्तरेकडच्या प्रांतांपुरता होता. १९११ मध्ये तो नव्यानं करून देशभर लागू करण्याची सोय झाली, आणि मुंबई इलाखा त्याच्या कक्षेत आला. आता तो चालायचा कसा ते सांगतो. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली, की तिच्या लोकांची नावं रजिस्टरमध्ये. बोटांचे ठसे. पोलिसांकडे किंवा पाटलाकडे हजेरी. गाव सोडायचं तर पास. पास नसताना सापडलात तर तुरुंग. सरकारला वाटलं तर अख्ख्या समाजाला वसाहतीत, म्हणजे 'सेटलमेंट'मध्ये ठेवायचं. मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारशाळेत घालायचीही तरतूद होती.

सोलापूरच्या श्रोत्यांना 'सेटलमेंट' हा शब्द वेगळा सांगायला नको. तिथे या नावानं ओळखली जाणारी वस्ती आजही आहे. इंग्रजांच्या काळात तिथे मोठी वसाहत होती, तारेच्या कुंपणाआड. आतले लोक सोलापूरच्या कापडगिरण्यांत कामाला जायचे आणि संध्याकाळी परत कुंपणाच्या आत. दिवसभर घाम गाळायचा, रात्री चोर म्हणून मोजून घ्यायचं.

या सगळ्यासाठी पोलिसांना हँडबुकंही होती. १९०८ मध्ये मुंबई इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'वर पोलीस अधिकारी एम. केनेडी यांचं जाडजूड पुस्तक निघालं. एकेका समाजावर एकेक प्रकरण : दिसतात कसे, बोलतात कसे, राहतात कुठे, 'गुन्ह्याची पद्धत' काय. भामटे त्यातही आहेत. पक्ष्यांची पुस्तकं असतात ना, चोचीचा रंग, घरटं कुठे, तसं माणसांचं पुस्तक.

आणि इथे चक्र पूर्ण झालं. गावात चोरी झाली, की पोलीस आधी त्याच वस्तीवर जाणार. तिथूनच माणूस उचलणार. अटकेची नोंद होणार. पुढचा अधिकारी नोंदी बघून म्हणणार, बघा, सगळे चोर यांच्यातलेच! मग पुढची चोरी झाली, की पुन्हा तिथेच जाणार.

"पण काही जण चोऱ्या करायचेच ना?"

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला. उत्तर सरळ आहे : हो, करायचे. ते लपवायचं कारण नाही. लक्ष्मण गायकवाड यांनीही लपवलेलं नाही. त्यांचं 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ मध्ये आलं आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. नाव बघा : जी शिवी, तेच पुस्तकाचं नाव. भूक कशी होती, चोरी कशी शिकवली जायची, पोलीस घरात घुसून काय करायचे, आणि शाळेत जाणारा घरातला पहिला मुलगा असणं म्हणजे काय, हे त्यात सरळ लिहिलंय. वाचलं नसेल तर नक्की वाचा. माझ्या समजुतीतली बरीच जळमटं त्यानं काढली.

तर प्रश्न 'कुणी चोरी केली का' हा नाहीच. चोऱ्या सगळ्याच समाजांत होतात. प्रश्न असा आहे, की कुणाची चोरी त्याच्या अख्ख्या जातीचं नाव बनते? आपण गेल्या काही वर्षांत हजारो कोटींचे बँक घोटाळे पाहिले. पतसंस्था बुडताना पाहिल्या, त्यात आपल्यापैकी कुणाच्या आजीची पुंजी गेली असेल. त्या घोटाळेबाजांच्या जातीवरून मराठीत एखादा शब्द तयार झाला का? कुणी म्हणतं का, 'काय अमुक-जातवाला निघाला बघ'? नाही. ते व्यक्ती म्हणून पकडले जातात, व्यक्ती म्हणून सुटतात. रेल्वेत गाठोडं पळवणाऱ्याची मात्र जात पकडली गेली, आणि ती अजून सुटलेली नाही.

साता समुद्रापार, तोच शब्द

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं वाटत असेल, तर थोडं लांब जाऊया. इंग्रजीत, खास करून अमेरिकेत, फसवणे या अर्थानं एक बोलीतला शब्द आहे : 'जिप'. टॅक्सीवाल्यानं जास्त पैसे घेतले की लोक म्हणतात, त्यानं मला जिप केलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा वापरात आहे, आणि कोशकारांच्या मते तो बहुधा 'जिप्सी'वरून आलाय. गंमत म्हणजे 'जिप्सी' हेच नाव चुकीचं. युरोपातल्या लोकांना वाटलं, की ही माणसं इजिप्तहून आली, म्हणून 'इजिप्शियन'चं झालं 'जिप्सी'. ते स्वतःला म्हणतात रोमा.

आणि आले कुठून? आपल्याकडून! साधारण हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारतातून बाहेर पडले. पुरावा कुठे? त्यांच्या जिभेवर. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला 'पानी', नाकाला 'नाक', कानाला 'कान' म्हणतात. चोराला 'चोर'. आणि माणसाला? 'मानुष'.

हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं थांबलो. हजार वर्षं देशोदेशी हाकललेल्या लोकांनी 'चोर' हा शब्दही जपला आणि 'माणूस' हाही. बाहेरच्यांनी त्यांच्यासाठी यातला एकच निवडला.

पुढचं जड आहे, पण सांगायला हवं. १८९९ मध्ये जर्मनीत म्युनिकच्या पोलिसांनी या लोकांची माहिती गोळा करणारं खास कार्यालय उघडलं. १९०५ मध्ये त्यांनी नावानिशी माहिती असलेलं पुस्तक छापलं. केनेडीचं पुस्तक १९०८ चं, लक्षात आहे ना? तोच काळ, तीच पद्धत : पोलीस, रजिस्टर, ठसे. पुढे नाझी आले तेव्हा त्यांना यादी शून्यापासून करावी लागली नाही. दुसऱ्या महायुद्धात किमान अडीच लाख रोमा आणि सिंती मारले गेले, हा आकडा पाच लाखांपर्यंतही असू शकतो असं इतिहासकार सांगतात. आणि हा नरसंहार होता, हे जर्मनीच्या सरकारनं अधिकृतपणे मान्य केलं ते थेट १९८२ मध्ये.

आपल्याकडे तसं झालं नाही. तुलना करून कुणाचं दुःख लहानमोठं करायचं नाहीये. सांगायचं इतकंच, की शिवी जोवर तोंडात असते तोवर जखम करते. ती रजिस्टरमध्ये गेली, की कोण कधी ते रजिस्टर उघडेल याचा भरवसा नसतो.

पाच वर्षं सोळा दिवस

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षं सोळा दिवस उशिरा. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. काही घरांत आजही सांगतात, आमचा स्वातंत्र्यदिन तो. 'विमुक्त' या शब्दाचा अर्थही तोच, त्या यादीतून मुक्त झालेले.

पण मघाचं चारशेवीस आठवा. कायदा गेला की शब्द जात नाही. जुना कायदा गेला आणि राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. कागदावर जात नव्हती, पण पोलिसांची नजर तीच. फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन सबर नावाच्या तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. तो सबर समाजाचा, म्हणजे त्याच जुन्या यादीतला. महाश्वेता देवींनी तो विषय लावून धरला, प्रकरण उच्च न्यायालयात नेलं. पुढे अहमदाबादच्या छारानगरमधल्या विमुक्त तरुणांनी बुधनवर नाटक केलं आणि त्यांच्या नाटक मंडळाचं नावच 'बुधन थिएटर' झालं.

आणि अगदी अलीकडे, ३ ऑक्टोबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांमधल्या जातिभेदावर निकाल दिला. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांची ती याचिका होती. काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमध्ये विमुक्त जमातींना जन्मजात सराईत गुन्हेगार मानणारी कलमं तोवर शिल्लक होती. न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली. २०२४! त्या वर्षी आपण फोनवर एआयकडून फोटो बनवून घेत होतो.

मग शब्द काढून टाकूया?

आता खरा पेच. मला वाटलं होतं एपिसोडचा शेवट सोपा असेल : शब्द वाईट आहे, यादीतून काढून टाका, विषय संपला. पण तसं नाहीये.

२०२३ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी एका मेळाव्यात जाहीर केलं, की 'राजपूत भामटा' मधला 'भामटा' शब्द काढणार. ऐकायला किती चांगलं वाटतं! पण विमुक्त-भटक्यांच्या संघटनांनीच त्याला जोरदार विरोध केला. का? कारण 'भामटा' काढला की उरतं नुसतं 'राजपूत'. मग ज्यांच्या आजोबांनी कधी हजेरी दिली नाही, ज्यांच्या दारात कधी पोलीस आला नाही, तेही त्या ३ टक्क्यांत येऊन बसतील. खोट्या दाखल्यांची तक्रार तर आधीपासूनच आहे.

म्हणजे बघा, केवढी विचित्र अडचण. जो शब्द पेपरात चोरासाठी छापला जातो, तोच शब्द एका मुलीच्या अ‍ॅडमिशनची किल्ली आहे. शब्द ठेवला तर अपमान, काढला तर हक्क जातो.

मी त्या मुलीला फोन केला आणि हेच विचारलं. तुला काय वाटतं, दाखल्यावरून तो शब्द जायला हवा का? ती जरा थांबली. मग म्हणाली, "दाखल्यावर राहू दे दादा. माझ्या पणजोबांची हजेरी होती. ते सहन केलं त्याचा तेवढाच कागद आहे आमच्याकडे. तुमच्या एपिसोडमधून काढा."

मी बराच वेळ 'हो, हो' एवढंच म्हणत होतो.

नंतर लक्षात आलं, की तिनं एका वाक्यात सगळं सोडवलं होतं. कागदावरचा शब्द हा त्यांचा इतिहास आहे. त्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. आपल्या तोंडातला शब्द ही आपली सवय आहे. ती सोडायला कुठला आयोग नको, जीआर नको, मोर्चा नको.

तर मी काय केलं ते सांगतो. तो जुना एपिसोड पुन्हा एडिट केला. अकराच्या अकरा जागा कापल्या आणि 'चोर', 'ठकसेन', 'फसवणारा' हे शब्द पुन्हा रेकॉर्ड करून टाकले. दोनतीन ठिकाणी आवाज थोडा वेगळा ऐकू येतो, सांधा कळतो. तो तसाच ठेवलाय.

आणि तुमच्याकडून एक हवंय. उद्या सकाळी न्यूज अ‍ॅप उघडा. 'भामट्यानं वृद्धेचे दागिने लांबवले' अशी एखादी बातमी दिसेलच, जवळपास रोज असते. ती वाचताना एवढंच आठवा, की हीच बातमी कुणीतरी त्याच बसमध्ये, त्याच फोनवर वाचतंय आणि स्क्रीन जरा तिरपी करतंय. मग कमेंट करायची की नाही, आणि करायची तर काय, ते तुम्हीच ठरवा. शब्द तर भरपूर आहेत आपल्याकडे. सुरुवातीलाच मोजले ना?

चला, थांबतो. तुमच्या घरात, गावात, बोलीत असा एखादा शब्द असेल, जो कुणाच्या तरी नावावरून आलाय आणि आपण सहज वापरतो, तर व्हॉइस नोट पाठवा. आधीचीही ऐकली, हीही ऐकेन. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि हो, ओटीपी कुणालाही देऊ नका!